शस्त्राचा हक्क आणि शस्त्राचे कर्तव्य

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एके दिवशी सकाळची मिस्सा आटोपून आम्ही सॅक्रिस्टीबाहेर आलो, तो आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी सद्‌गृहस्थ दाराशी उभे होते. सोबत त्यांचा धाकटा मुलगा होता. तो छत्रपती संभाजीनगरात कायद्याचे शिक्षण घेतो.

"फादर, तुमच्या सहीशिक्क्याचं एक पत्र पाहिजे होतं. चालचलणूक चांगली आहे म्हणून."

"देऊ की. पण कशाकरिता?"

"बंदुकीच्या लायसनचा अर्ज करायचा आहे."

आम्ही चकित झालो. या गृहस्थांनी आयुष्यात कोणावर हात उगारल्याचे आम्ही ऐकले नव्हते. मग हळूहळू सारा वृत्तान्त कळला. त्यांची शेतवस्ती गावापासून दोन-अडीच किलोमीटर आत आहे. शेजारच्या वस्तीवर रात्री दरोडा पडला, म्हातारीच्या कानातले ओरबाडून नेले, दोघांची डोकी फुटली. "आपली घरं त्या गावात चारच, फादर. हाक मारली तर येणार कोण?" एवढे बोलून ते थांबले. त्यापुढचे न बोललेले आम्हाला कळले.

मुलाचा प्रश्न मात्र निराळा होता. तो म्हणाला, "फादर, घरात पिस्तूल ठेवणे हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. आपल्या घटनेत तो का नाही? आपण कलेक्टर कचेरीच्या दारात अर्ज घेऊन का उभे राहायचे?"

पत्र आम्ही दिले. प्रश्नाचे उत्तर मात्र उभ्या उभ्या देता येण्यासारखे नव्हते. शोध घेऊ लागलो तेव्हा ध्यानात आले, की या प्रश्नाच्या मुळाशी आपणा कॅथलिकांचाही इतिहास आहे आणि त्याच्या उत्तराशी आपल्या मराठी मुलखाचा. सुज्ञ वाचकांपुढे तो इतिहास थोडक्यात मांडावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आरंभ इंग्लंडपासून करावा लागतो. कॅथलिक राजा दुसरा जेम्स याला राज्यत्याग करावा लागल्यावर १६८९ साली पार्लमेंटने हक्कांचा प्रसिद्ध जाहीरनामा कायद्याच्या रूपाने संमत केला. राजाने आपणास नि:शस्त्र केले, अशी प्रजेची त्यात एक तक्रार होती. म्हणून प्रजाजनांना आपल्या संरक्षणासाठी, आपापल्या ऐपतीनुसार व कायद्याच्या मर्यादेत, शस्त्र बाळगता येईल असे त्यात लिहिले गेले. पण 'प्रजाजन' या शब्दाला तेथे एक विशेषण जोडलेले आहे, ते म्हणजे 'प्रॉटेस्टंट'. त्याच वर्षी दुसरा कायदा झाला. जे कॅथलिक नव्या राजाची विहित शपथ घेणार नाहीत त्यांच्या घरची शस्त्रे काढून घ्यावीत आणि घराच्या रक्षणापुरते काही ठेवू द्यायचे झाल्यास ते स्थानिक न्यायाधीशांनी ठरवावे, असा त्याचा आशय होता. आयर्लंडमध्ये तर कॅथलिकच बहुसंख्य होते. तेथे १६९५ साली असाच कायदा झाला. शस्त्र तर नाहीच, पण पाच पौंडांहून अधिक किमतीचा घोडासुद्धा कॅथलिकाला बाळगता येऊ नये, अशी तजवीज त्यात होती.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. शस्त्राचा हक्क जगात प्रथम ठळकपणे लिहिला गेला तेव्हा तो सर्वांसाठी लिहिला गेला नव्हता. कोण विश्वासाचा आणि कोण संशयाचा, ही वाटणी करणारी ती रेषा होती आणि आपले धर्मबंधू त्या रेषेच्या पलीकडे उभे होते.

हाच विचार अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेत गेला. १७९१ साली अमेरिकन घटनेला जी दुसरी दुरुस्ती जोडली गेली, तिने लोकांचा शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला. पण तेथेही 'लोक' म्हणजे कोण, हा प्रश्न होताच. १८५७ साली ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सरन्यायाधीश रॉजर टॅनी यांनी निवाडा दिला, की कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. त्याला नागरिक मानले तर तो वाटेल तेथे शस्त्र घेऊन हिंडू शकेल, हेही त्यांच्या युक्तिवादातील एक कारण होते. हे टॅनी धर्माने कॅथलिक होते, हे आम्ही खेदाने पण प्रांजळपणे नमूद करतो. ज्यांच्या पूर्वजांना संशयित ठरवले गेले, त्यांच्यापैकीच एकाने दुसऱ्यांना संशयित ठरवले.

ज्या निवाड्याचा उल्लेख त्या तरुणाने केला तो २००८ सालचा आहे. राजधानी वॉशिंग्टन शहराने १९७६ पासून नागरिकांनी पिस्तूल बाळगण्यावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली होती. डिक हेलर नावाच्या सुरक्षारक्षकाने तिला आव्हान दिले. सरकारी इमारतीच्या पहाऱ्यावर असताना पिस्तूल त्याच्या कमरेला असे, पण घरी मात्र त्याला ते ठेवता येत नसे. २६ जून २००८ रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. बहुमताचा निवाडा न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी लिहिला आणि त्यात १६८९ च्या त्या इंग्रजी जाहीरनाम्याचाच आधार घेतला. तो हक्क त्या काळी केवळ प्रॉटेस्टंटांपुरता होता, हे त्यांनीही मान्य केले. २०१० साली हाच न्याय शिकागोला व पर्यायाने सर्व राज्यांना लागू झाला. तेथील अर्जदार ओटिस मॅक्डोनल्ड हे वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ होते आणि त्यांच्या घरी चोऱ्या झाल्या होत्या. ड्रेड स्कॉटपासून मॅक्डोनल्डपर्यंतचा हा प्रवास हृदयस्पर्शी आहे, यात शंका नाही. २०२२ साली न्यायालयाने घराबाहेर शस्त्र बाळगण्याचाही हक्क मान्य केला. २०२४ साली मात्र, कौटुंबिक हिंसाचारामुळे ज्याच्यावर न्यायालयाने बंधन घातले आहे त्याचे शस्त्र काढून घेता येते, असे आठ विरुद्ध एक मतांनी ठरवले. म्हणजे अमेरिकेतसुद्धा हा हक्क अमर्याद नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने येथील जनतेला नि:शस्त्र करण्याचे धोरण आखले. १८७८ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांनी पुणे परिसरात रामोशांना हाताशी धरून बंड पुकारले, यावरून त्या काळची अस्वस्थता कळते.

या कायद्यातील खरा डंख त्याखालील नियमांत होता. युरोपियन, अमेरिकन आदींना परवान्याच्या अटीतून सूट होती. हिंदी माणसाला मात्र परवान्यावाचून बंदूक बाळगता येत नसे. आपला भाग त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्याने हा कायदा येथे थेट लागू नव्हता. परंतु गोदावरी ओलांडून अहमदनगर जिल्ह्यात गेले, की तेथे तो लागू होता. त्याचा अर्थ असा, की एकाच वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्या युरोपियन मिशनऱ्याला आणि त्याच्या हिंदी कॅटेकिस्टला हा कायदा दोन निरनिराळ्या तागड्यांत तोलत होता. वेदीपुढची समानता चर्चच्या उंबरठ्याबाहेर संपत होती.

म्हणूनच राष्ट्रीय सभेने ही तक्रार लवकर हाती घेतली. १८८७ साली मद्रास येथे बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव झाला. कायद्याने लोकांची अडचण होते हे त्यात होतेच, पण त्याने एका निष्ठावंत जनतेवर अकारण कलंक लागतो, ही व्यथाही त्यात होती. अहिंसेचे उपासक महात्मा गांधी यांनीही, एका संपूर्ण राष्ट्राला नि:शस्त्र करणाऱ्या या कायद्याची गणना इतिहास इंग्रजी राज्याच्या सर्वांत काळ्या कृत्यांत करील, असे १९१८ मध्ये लिहिले. जानेवारी १९३० मध्ये त्यांनी व्हाइसरॉयपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत आत्मसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने लोकनियंत्रणाखाली मिळावेत, ही एक होती. १९२८ च्या मोतीलाल नेहरू समितीच्या अहवालात आणि कराची अधिवेशनाच्या मूलभूत हक्कांच्या ठरावाला १९३१ साली दिलेल्या सुधारित रूपात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क स्पष्टपणे नमूद होता.

मग स्वतंत्र भारताच्या घटनेतून तो का गळला?

याचे उत्तर १९४८ या वर्षात आहे. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. ३० जानेवारीला प्रार्थनेला निघालेल्या गांधीजींवर पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या. आणि आपल्या मराठवाड्याने तर त्या वर्षी बंदुकीचे राज्य प्रत्यक्ष अनुभवले. कासीम रझवी यांच्या रझाकारांनी गावेच्या गावे धाकात ठेवली. सिडनी कॉटन नावाच्या वैमानिकाने निजामासाठी विमानांतून चोरट्या मार्गाने शस्त्रे आणली. १३ सप्टेंबर रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. परंतु दु:खाची गोष्ट अशी, की त्यानंतर काल जे भयभीत होते त्यांच्यातील काहींनी आज निरपराध मुस्लिम कुटुंबांवर सूड उगवला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे सर्वाधिक होरपळल्याचे नोंदवले आहे. शस्त्राचे हात बदलले, पण भय तेथेच राहिले.

या घटनांना तीन महिनेही झाले नव्हते, तोच डिसेंबर १९४८ च्या आरंभी घटना समितीत स्वातंत्र्याच्या हक्कांवर चर्चा सुरू झाली. हरि विष्णु कामत यांनी दुरुस्ती मांडली, की कायद्याच्या नियमांना अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा. कामत हे आय.सी.एस.चा त्याग करून सुभाषबाबूंबरोबर गेलेले निर्भय देशभक्त होते. काँग्रेसची जुनी मागणी आता स्वराज्यात पुरी व्हावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

त्यांना उत्तर देण्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. शस्त्र नाकारले जाणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. त्यांचे वडील सुभेदार रामजी हे सैन्यातील. ज्या महार समाजाने इंग्रजी फौजेत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली, त्याची भरती सरकारने १८९० च्या दशकात थांबवली. सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळ बाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला होता. पुढे १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तीत बाबासाहेबांच्या प्रयत्नांचा वाटा होता. ज्याच्या समाजाच्या हातून बंदूक काढून घेतली गेली, तो पुरुष त्या दिवशी सभागृहात बोलत होता.

त्यांनी दुरुस्ती नाकारली. ज्याला त्याला बाजारात जाऊन हवे ते हत्यार, राज्याच्या आडकाठीवाचून, विकत घेण्याचा हक्क मिळाला तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांचा सवाल होता. पण ते नकारावर थांबले नाहीत. व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा तिच्या शस्त्र धारण करण्याच्या कर्तव्यावर आपण भर दिला पाहिजे, असे त्यांनी मांडले. युद्ध वा बंडाळी झाली, राज्याची सुरक्षितता धोक्यात आली, तर राज्याने प्रत्येक नागरिकाला हाक द्यावी. ही तरतूद मसुद्यात केलेली आहे, हेही त्यांनी दाखवून दिले. ती आज अनुच्छेद २३ मध्ये आहे. सार्वजनिक कार्यासाठी सेवा सक्तीची करता येईल, परंतु ती करताना धर्म, वंश, जात वा वर्ग यांवरून भेद करता येणार नाही, असे ती सांगते. १६८९ च्या जाहीरनाम्यातील ते विशेषण आठवावे, म्हणजे या शेवटच्या शर्तीचे मोल कळेल.

अशा रीतीने कामतांची दुरुस्ती फेटाळली गेली. आपल्या मूलभूत हक्कांत आज नागरिकाच्या शस्त्राचा उल्लेख दोन ठिकाणी आढळतो. शांततेने आणि शस्त्रांविना एकत्र जमण्याचा हक्क अनुच्छेद १९ देतो, आणि अनुच्छेद २५ शीख बांधवांना धर्माचा भाग म्हणून कृपाण धारण करण्याची मुभा देतो. बंदुकीचा हक्क कोठेही नाही.

मात्र इंग्रजांचा कायदाही तसाच ठेवला गेला नाही. १९५९ साली संसदेने नवा शस्त्र अधिनियम केला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. परवान्याची अट राहिली, पण तिला नियमांची चौकट आली. परवाना नाकारल्यास कारण नोंदवावे लागते आणि अपिलाची सोय आहे. त्यातील एक कलम आम्हाला विशेष वाटते. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही, असे कलम १४ सांगते. इंग्लंडच्या जाहीरनाम्यातील 'ऐपतीनुसार' हा शब्द येथे पुसला गेला आहे.

प्रश्न न्यायालयांतही गेलाच. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८५ साली, परवाना ही केवळ सवलत आहे, असे म्हटले. १९९३ मध्ये त्याच न्यायालयातील न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी अल्मोड्याच्या एका प्रकरणात निराळा विचार मांडला. गुन्हेगार सशस्त्र असताना सज्जनाला आत्मरक्षणाचे साधन नाकारणे हे अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काशी विसंगत आहे, असे त्यांचे मत होते. आमच्या धर्मग्रामातील त्या शेतकऱ्याच्या मनातलेच ते बोल होते. परंतु १९९५ साली पूर्णपीठाने ते मत ग्राह्य मानले नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, प्रतिबंधित शस्त्राने मृत्यू घडवल्यास देहदंड सक्तीचा करणारे पोटकलम घटनाबाह्य म्हणून रद्द केले. तेथे जीविताच्या हक्काने गुन्हेगारालाही आपल्या छायेत घेतले. २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने कोडगूच्या कोडव समाजाला असलेली परवान्यातील जुनी सूट, समानतेच्या मुद्द्यावर आव्हान मिळूनही, कायम ठेवली. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती के. एम. जोसेफ व न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी, उत्तर प्रदेशातील विनापरवाना शस्त्रांच्या सुळसुळाटाची स्वत:हून दखल घेताना, अमेरिकेप्रमाणे शस्त्राचा मूलभूत हक्क आपल्या घटनाकारांनी शहाणपणाने दिलेला नाही, असे स्पष्ट नमूद केले.

आता कोणी विचारील, ख्रिस्तसभा काय म्हणते? १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात न्याय्य संरक्षणाचा विचार आहे. स्वत:चा जीव वाचवणे गैर नाही, मात्र बळ गरजेपुरतेच वापरावे, हा संत थॉमस अक्वायनस यांचा विवेक त्यात आहे. दुसऱ्यांच्या जिवाची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याच्यासाठी तर संरक्षण हे गंभीर कर्तव्यही ठरू शकते. बाबासाहेबांचा 'कर्तव्य' हा शब्द येथे पुन्हा भेटतो, आणि तो स्वत:पेक्षा शेजाऱ्याकडे आधी पाहतो.

इंग्लंडच्या कॅथलिकांना सुरक्षितता कशाने मिळाली, हेही पाहावे. ती लपवलेल्या तलवारींनी मिळाली नाही. १८२९ च्या कायद्याने पार्लमेंटचे दार त्यांना उघडले आणि क्रमाक्रमाने ते संशयिताचे नागरिक झाले. थोड्या संख्येच्या समाजाने हा धडा विसरू नये. चार घरांनी चार बंदुका घेतल्या, तर चाळीस घरांना चाळीस घेता येतात. कायदा सर्वांना सारखा लागू राहिला, तरच त्या चार घरांना झोप लागेल.

त्या तरुणाला आम्ही हे सारे सांगितले. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "पण फादर, आज रात्री दरोडा पडला तर?"

प्रश्न रास्त होता. केवळ इतिहास सांगून परत पाठवणे म्हणजे भुकेल्याला आशीर्वाद देऊन बोळवण्यासारखे झाले असते. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही बापलेकांसह पोलीस ठाण्यात गेलो, रात्रीच्या गस्तीची विनंती केली आणि गावात ग्रामसुरक्षा दल उभे करण्याविषयी बोललो. राज्याच्या पोलीस कायद्यात त्याची सोय आहे, हे त्या मुलानेच आम्हाला पुस्तकातून काढून दाखवले. सरपंचांनी मारुतीच्या पारावर बैठक बोलावली. वस्त्यांवरच्या माणसांची यादी झाली, शिट्ट्या आणि बॅटऱ्या आल्या, पाळ्या लागल्या. हाक मारली तर येणार कोण, असे ज्यांनी विचारले होते, त्या गृहस्थांचे नाव पहिल्या पाळीत आहे. त्यांच्यासोबत त्याच पाळीत एक मराठा, एक बौद्ध आणि एक मुसलमान शेतकरी आहेत.

बंदुकीचा अर्ज त्यांनी मागे घेतलेला नाही, आणि आम्हीही तसे सुचवले नाही. तो करण्याची मोकळीक कायद्याने त्यांना दिली आहे. त्यावरील निर्णय यायचा तेव्हा येवो. तोवर शनिवारी रात्री त्यांची पाळी असते, आणि रविवारच्या मिस्साला ते जागरणाने तांबारलेल्या डोळ्यांनी, पण वेळेवर येतात.